उलट्या काळजाची माणसं: हृदय उजवीकडे निघालं तर काय काय करायचं

"ताई, वायरी उलट्या लागल्यात वाटतं, परत काढतो." असं म्हणत त्या ईसीजीवाल्या दादाने माझी पट्टी तीन वेळा काढली. मी 24 वर्षांची, पहिल्या नोकरीचं मेडिकल, बाहेर अजून सात-आठ जण लाईनीत. तिसऱ्या वेळी त्याने जेल पुसून परत लावलं, लाल क्लिप उजव्या हातालाच आहे ना हे पुटपुटत बघितलं आणि गप्प होऊन डॉक्टरांना बोलवायला गेला. डॉक्टरांनी स्टेथो डावीकडे ठेवला, कपाळाला आठ्या, मग उजवीकडे सरकवला आणि हसलेच. "अगं तुझं हृदय इकडे आहे, कुणी सांगितलं नाही का आजवर?" नव्हतं सांगितलं. घरी आल्यावर आत्या म्हणाली, तरीच, ही पहिल्यापासून उलट्या काळजाचीच आहे.

आता 41 ची आहे. मधल्या काळात ज्या चुका केल्या आणि ज्या गोष्टी डॉक्टरांना विचारून विचारून कळल्या त्या इथे टाकतेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेव्हा औषध-गोळी यातून ठरवू नका. पण एवढं सांगते की या प्रकारात बहुतेक वेळा अवयव त्रास देत नाहीत, आपल्याला तपासणाऱ्या माणसाला आधी माहीत नसतं त्याचा त्रास होतो. आणि ती माहिती पोचवणं आपल्याच हातात आहे.

पहिलं काम: नक्की काय काय उलटं आहे ते पक्कं करा

"हृदय उजवीकडे आहे" एवढ्या वाक्यावर थांबू नका, मी थांबले होते आणि ते महागात पडलं, ती गोष्ट पुढे येईल. हृदयाचं टोक उजवीकडे असण्याला डेक्स्ट्रोकार्डिया म्हणतात पण त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं पुढचं वेगळं आहे.

सगळंच आरशातल्यासारखं उलटं असेल तर त्याला सायटस इन्व्हर्सस टोटालिस म्हणतात, साधारण 10 हजारांत एकाला असतं असं धरतात. लिव्हर आणि पित्ताशय डावीकडे, जठर आणि प्लीहा (स्प्लीन) उजवीकडे, अपेंडिक्स डाव्या ओटीपोटात, फुफ्फुसंसुद्धा अदलाबदल, म्हणजे तीन कप्प्यांचं डावीकडे आणि दोन कप्प्यांचं उजवीकडे. सगळंच एकदम फिरलेलं असल्यामुळे आतली जोडणी एकमेकांशी बरोबर बसते, म्हणून माणूस आयुष्यभर धडधाकट राहू शकतो आणि त्याला पत्ताही नसतो. माझं हेच आहे. यातही हृदयात दोष असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा थोडं जास्त असतं, म्हणून एकदा तरी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचाच.

दुसरा प्रकार म्हणजे बाकी सगळं नेहमीच्या जागी आणि हृदय एकटंच उजवीकडे. हे ऐकायला सौम्य वाटतं पण उलट आहे, यात हृदयाच्या रचनेत दोष असण्याची शक्यता खूपच जास्त असते. पोटातलं सगळं उलटं आणि हृदय मात्र डावीकडेच, असंही होतं आणि त्यातही हृदयाचे दोष बऱ्याचदा सापडतात. तरी अपवाद बघा, अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या रोझ मारी बेंटली या बाईंचं असंच होतं, त्या 99 वर्षं जगल्या, पाच मुलं झाली, देहदान केलं होतं म्हणून 2018 मध्ये पोर्टलंडच्या मेडिकल कॉलेजात विद्यार्थी शरीररचना शिकत होते तेव्हा कुठे उलगडा झाला.

तिसरा प्रकार हेटरोटॅक्सी, म्हणजे धड इकडे ना धड तिकडे, अवयव अर्धवट मिसळलेले. हा सगळ्यात गंभीर. हृदयाचे मोठे दोष, आतड्याचा पीळ, प्लीहा नसणं किंवा लहान लहान चार-पाच असणं असं काहीही असू शकतं.

आणि एक चौथी शक्यता, ज्यात जन्मजात उलटं काहीच नसतं. एका बाजूचं फुफ्फुस आकसलं किंवा दुसऱ्या बाजूला पाणी-हवा भरली की हृदय ढकललं जातं. म्हणून प्रौढ माणसाच्या एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे दिसलं तर "अरे वा, दुर्मिळ" म्हणून फोटो काढण्याआधी जुने एक्स-रे शोधा. जुन्यात डावीकडे होतं आणि आता उजवीकडे आहे तर लगेच डॉक्टरकडे जा.

हे सगळं पक्कं करायला फार महागड्या टेस्ट लागत नाहीत. छातीचा एक्स-रे, पोटाची सोनोग्राफी आणि टूडी इको, बहुतेकांचं एवढ्यात भागतं, गुंतागुंत दिसली तर डॉक्टर सीटी किंवा एमआरआय सांगतात. एक्स-रे काढताना फिल्मच्या कोपऱ्यात उजव्या-डाव्या बाजूची खूण आलीय ना ते स्वतः बघा. पूर्वी फिल्म उजेडावर लावून बघायचे तेव्हा आमच्यासारख्यांची फिल्म "उलटी लावली" म्हणून सरळ करून बघितली जायची, म्हणजे बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त व्हायची! छातीचा फोटो नुसता हृदयासाठी बघू नका, डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या) खाली जठरातल्या हवेचा काळा फुगा कुठल्या बाजूला आहे तेही विचारा, तो उजवीकडे असेल तर पोटही उलटं असण्याचा तो पहिला पुरावा.

फाईल आणि कार्ड

माझी गोष्ट सांगते. 36 व्या वर्षी मला जेवणानंतर डाव्या बरगडीखाली दुखायला लागलं, वडापाव खाल्ला की हमखास. जवळच्या डॉक्टरांनी अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या दिल्या, चार महिने मी त्या खाल्ल्या. त्यांचा दोष म्हणावा तर मी त्यांना सांगितलंच नव्हतं! माझ्या डोक्यात, हृदय उजवीकडे आहे, त्याचा पोटदुखीशी काय संबंध. जुनी फाईल आईकडे माळ्यावर. शेवटी एका रात्री उलट्या, ताप, सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे, डावीकडे. सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंनी प्रोब उजवीकडे ठेवला, लिव्हर सापडेना, मला विचारलं "तुम्हाला काही जन्मजात आहे का" आणि तेव्हा माझी ट्यूब पेटली.

म्हणून आता हे करा. एका कागदावर इंग्रजीत, कारण डॉक्टर कुठलाही असो वाचता आलं पाहिजे, चार ओळी टाइप करून लॅमिनेट करा. ओळी अशा: सायटस इन्व्हर्सस टोटालिस विथ डेक्स्ट्रोकार्डिया. लिव्हर अँड गॉलब्लॅडर ऑन लेफ्ट. स्प्लीन अँड स्टमक ऑन राइट. अपेंडिक्स ऑन लेफ्ट. खाली रक्तगट, अ‍ॅलर्जी, घरच्या दोघांचे नंबर. तुमचा प्रकार वेगळा असेल तर ओळी तुमच्या रिपोर्टप्रमाणे, माझ्या कॉपी करू नका. एक कार्ड पाकिटात, एक आधार कार्डाच्या मागे, एक गाडीच्या कागदांत. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेडिकल माहिती टाकायची सोय असते तिथेही टाका, कारण 108 ची अ‍ॅम्ब्युलन्स येते तेव्हा आपण बोलायच्या स्थितीत असूच असं नाही. एक्स-रे, इको, सोनोग्राफीचे रिपोर्ट मोबाईलवर स्कॅन करून नवऱ्याला, बहिणीला, जो कोणी दवाखान्यात धावेल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ठेवा. आणि घरच्यांना तोंडपाठ करायला लावा की "सगळं उलटं आहे", "हृदय उलटं आहे" नाही.

ईसीजी काढताना

कार्डावर इतकं सगळं असूनही ईसीजीच्या टेबलावर आपल्यालाच तोंड उघडावं लागतं. नेहमीसारख्या वायरी लावल्या की आमच्या पट्टीत लीड वन (दोन हातांमधली नोंद) पूर्ण उलटी येते आणि छातीवरच्या सहा वायरींच्या लाटा व्ही-वन पासून व्ही-सिक्सपर्यंत वाढायच्या ऐवजी लहान लहान होत जातात, कारण त्या हृदयापासून लांब चालल्यात. मशीनचा आपोआप छापलेला रिपोर्ट मग काहीतरी भयंकर लिहून मोकळा होतो, वायरी चुकल्या, जुना हार्ट अ‍ॅटॅक, काहीही. खरंच हाताच्या वायरी चुकल्या असतील तरी लीड वन उलटीच येते, पण तेव्हा छातीवरच्या लाटा नीट वाढत जातात, फरक तिथे कळतो.

करायचं असं की आधी एक पट्टी नेहमीच्या पद्धतीने काढू द्या. मग दुसरी, आरशातली. आपल्याकडे बऱ्याच मशीनला लाल क्लिप उजव्या हाताची आणि पिवळी डाव्या हाताची असते, त्या दोन्हींची अदलाबदल करायची, छातीवरच्या व्ही-वन आणि व्ही-टू एकमेकांच्या जागी, आणि बाकीच्या चार उजव्या छातीवर त्याच उंचीवर. मग पट्टी सरळ दिसते आणि वाचता येते. दोन्ही पट्ट्यांवर पेनाने लिहून घ्या, "नेहमीची" आणि "उजव्या बाजूने, लीड बदलून", नाहीतर सहा महिन्यांनी कुणालाच कळणार नाही कुठली कुठली. तब्येत चांगली असतानाची ही जोडी फाईलमध्ये असणं लाखमोलाचं आहे, कारण पुढे कधी छातीत दुखलं तर डॉक्टरांना तुलना करायला काहीतरी हवं.

छातीत दुखण्यावरून आठवलं. हार्ट अ‍ॅटॅकची कळ आमच्यात छातीच्या उजव्या बाजूला आणि उजव्या हातात जाऊ शकते. "डावा हात दुखत नाहीये म्हणजे गॅस असेल" हे वाक्य आमच्या घरात बंद. दाब, घाम, धाप, मळमळ यातलं काही असेल तर बाजू न बघता निघायचं.

कुणी कोसळलं आणि छाती दाबायची वेळ आली तर हात छातीच्या मधोमध, मधल्या हाडावरच ठेवायचा, ते हाड सगळ्यांचं मध्येच असतं. शॉक देताना पॅड आरशासारखे उलट्या बाजूला लावतात, म्हणून कार्ड हाताशी असलेलं बरं, पण कार्ड शोधत बसून दाबणं थांबवायचं नाही.

पोटात दुखलं तर

अपेंडिक्सचं दुखणं नेहमी बेंबीजवळ सुरू होऊन उजव्या ओटीपोटात उतरतं. आमच्यात ते साधारण डावीकडे उतरतं, आणि डावीकडचं दुखणं म्हटलं की डॉक्टरांच्या डोक्यात अपेंडिक्स येतच नाही, मुतखडा, बायकांमध्ये अंडाशय, वयस्करांत मोठ्या आतड्याची सूज असं सगळं आधी येतं. वेळ जातो आणि तोवर फुटतं. पुन्हा काही जणांत कळ उजवीकडेही जाणवल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे बाजूवर शंभर टक्के विसंबता येतच नाही, सोनोग्राफी किंवा सीटी लवकर करून घेणं हाच मार्ग. कॅज्युअल्टीत पोचल्यावर पहिलं वाक्य "माझे अवयव उलटे आहेत" हे सांगा आणि मग दुखण्याचं वर्णन करा, क्रम उलटा केलात तर डॉक्टरांच्या डोक्यात आधीच एक चित्र तयार झालेलं असतं.

ऑपरेशन ठरलं तर

होतं सगळं, दुर्बिणीतूनसुद्धा होतं, माझं पित्ताशय दुर्बिणीतूनच काढलं. फक्त सर्जनला सगळं उलटं मांडावं लागतं. पित्ताशयासाठी एरवी ते पेशंटच्या डाव्या बाजूला उभे राहतात, माझ्या वेळी उजव्या बाजूला, स्क्रीन पलीकडे, छिद्रंही उलट जागी. उजखोऱ्या सर्जनला यात हात एकमेकांवर आडवे येतात, माझ्या सर्जननी आधीच सांगितलं, "नेहमीपेक्षा वेळ जास्त लागेल, बाहेरच्यांना सांगून ठेवा." बाहेर आईने जप सुरू केला होता ती गोष्ट वेगळी. सर्जनला सरळ विचारा की अशी केस आधी केलीय का, नसेल तर ते वाईट मानायचं कारण नाही, 10 हजारांत एक म्हटल्यावर कितीजणांनी केली असणार, पण त्यांनी सीटी बघून तयारी केलीय का एवढं नक्की विचारा.

भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेगळं सांगा, सर्जनला सांगितलंय म्हणजे यांना कळलंच असेल असं धरू नका. श्वासाची नळी जरा जास्त खोल गेली की एरवी ती उजव्या फुफ्फुसात शिरते कारण तो रस्ता सरळ असतो, आमच्यात तो सरळ रस्ता डावीकडे. (लहान मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकला तर तोही याच न्यायाने डावीकडे जाण्याची शक्यता जास्त.) गरोदर बाईला सिझेरियनच्या टेबलावर डावीकडे कलतं झोपवतात, मोठ्या शिरेवर गर्भाशयाचा दाब पडू नये म्हणून, आमच्यात ती शीर डावीकडे असते त्यामुळे कल उजवीकडे द्यावा लागू शकतो. अँजिओग्राफी, एंडोस्कोपी, सगळीकडे तेच, आधी सांगा.

कायम सर्दी-खोकला असेल तर हा भाग नीट वाचा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण बरेच जण इथेच गाफील राहतात. उलटे अवयव आणि जुनाट सर्दी-खोकला यांचा संबंध आहे. 1933 मध्ये झुरिकच्या कार्टाजेनर नावाच्या डॉक्टरांनी उलटे अवयव, जुनं सायनस आणि फुफ्फुसाच्या रुंदावलेल्या नळ्या असं त्रिकूट मांडलं, म्हणून कार्टाजेनर सिंड्रोम. कारण मात्र 1976 मध्ये स्वीडनच्या अफझेलियस यांनी दाखवलं. आपल्या नाकात, श्वासनळ्यांत सूक्ष्म केस असतात, सिलिया, ते कफ आणि धूळ वरच्या दिशेने झाडत राहतात. त्यांना हलवणारा भागच जन्मतः नसेल तर कफ साचतो, जंतुसंसर्ग होत राहतो. या आजाराला प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया म्हणतात.

आता याचा डाव्या-उजव्याशी काय संबंध? तर गर्भ अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत असतो तेव्हा त्याच्यावर एका छोट्या खळग्यात असेच केस गरगर फिरतात आणि तिथलं द्रव डावीकडे वाहवतात, त्या प्रवाहावरून शरीर ठरवतं की डावं कुठलं. 1998 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांच्या भ्रूणांत हे दाखवलं. केस फिरलेच नाहीत तर बाजू छापा-काट्यावर ठरते, म्हणूनच या आजाराच्या साधारण निम्म्या लोकांचे अवयव उलटे असतात आणि निम्म्यांचे नसतात. उलटे अवयव असलेल्यांमध्ये साधारण चार-पाचात एकाला हा आजार सापडतो. (तेव्हा "ग्रहण पाळलं नव्हतंस का गं" असं कुणी तुमच्या आईला विचारलं तर हे सगळं त्यांना ऐकवा. माझ्या आईने सतरा वर्षं ते ऐकून घेतलंय.)

संशय कधी घ्यायचा? पूर्ण दिवसांचं बाळ असून जन्मल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी धाप लागून ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. जन्मापासून नाक वाहतं, उन्हाळ्यातसुद्धा. बारमाही ओला खोकला. कान सारखे फुटतात, कमी ऐकू येतं. असं असेल आणि अवयव उलटे असतील तर फुफ्फुसाच्या तज्ज्ञाकडे जाच. एका टेस्टमध्ये निदान होत नाही, नाकातला नायट्रिक ऑक्साईड मोजतात, नाकातले केस ब्रशने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, जनुकीय तपासणी करतात. सगळं सगळीकडे होत नाही, मोठ्या शहरात जावं लागू शकतं. आपल्याकडे जुना खोकला म्हटलं की आधी टीबीचा संशय येतो, यायलाही हवा, पण थुंकीत जंतू सापडत नसताना टीबीची औषधं पुन्हा पुन्हा सुरू होत असतील तर ही शक्यता डॉक्टरांसमोर तुम्हीच ठेवा.

आजार मुळापासून बरा करणारं औषध नाही. रोज कफ काढायचा व्यायाम, छातीची फिजिओथेरपी, संसर्ग झाला की वेळेवर अँटिबायोटिक, फ्लू आणि न्यूमोकोकसच्या लसी, सिगारेट आणि चुलीचा धूर टाळणं, यावर फुफ्फुसं टिकतात. पुरुषांत शुक्राणूची शेपटी त्याच यंत्रणेवर चालते म्हणून मूल व्हायला अडचण येऊ शकते, तिथे इक्सीसारखे (एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडायचे) उपाय आहेत. बहुतेक वेळा हा आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच होतो, म्हणून मामाच्या मुलीशी, आतेभावाशी लग्नं होणाऱ्या घरांत शक्यता वाढते. घरात एकाला असेल तर भावंडांचीही चौकशी करा.

पोटातल्या बाळाचं असं निघालं तर

18 ते 22 आठवड्यांच्या अ‍ॅनोमली स्कॅनमध्ये (बाळात काही दोष आहे का बघायची सोनोग्राफी) हे कळू शकतं. रिपोर्टात "सायटस सॉलिटस" लिहिलं असेल तर सगळं नेहमीच्या जागी. तसं नसेल तर लगेच इंटरनेटवर वाचून रडू नका, फीटल इको (पोटातल्या बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या, आणि प्रश्न दोनच विचारा: हृदयाची आतली रचना नीट आहे का, आणि हे पूर्ण उलटं आहे की मिसळलेलं. पूर्ण उलटं आणि रचना नीट असेल तर बहुतेक बाळं व्यवस्थित असतात. जमलं तर डिलिव्हरी नवजात बाळांचे डॉक्टर असलेल्या ठिकाणी करा, जन्मल्यावर परत इको आणि सोनोग्राफी.

मिसळलेलं असेल तर प्लीहा आहे का आणि काम करते का हे विचारायलाच हवं. ती नसेल तर साधा ताप काही तासांत जीवघेणा होऊ शकतो, जास्तीच्या लसी आणि रोजचं अँटिबायोटिक लागतं. बाळात या खुणांकडे लक्ष ठेवा: ओठ-जीभ निळी पडणं, दूध पिताना घाम आणि धाप, आणि हिरवी उलटी. हिरवी उलटी म्हणजे आतड्याला पीळ असू शकतो, सकाळची वाट बघायची नाही. खर्चाचं म्हणाल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या जन्मजात हृदयदोषांसाठी तपासणी आणि पुढची मदत आहे, अंगणवाडी-शाळेत टीम येते, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं आहेत. आशाताईंना विचारा, त्यांना रस्ता माहीत असतो.

उरलेलं, पटापट

विमा: फॉर्मवर लिहा. एजंट म्हणेल "कशाला लिहिता मॅडम, काही होत नाहीये ना", तरी लिहा. लपवलं तर क्लेमच्या वेळी तेच निमित्त होतं. पॉलिसीत जन्मजात दोषाचे बाह्य आणि आंतरिक असे दोन प्रकार असतात, आपलं आंतरिक, तो परिच्छेद सही करण्याआधी वाचा.

लग्न: मी सांगितलं, कांदेपोह्यांच्या दुसऱ्या भेटीत, एक्स-रे दाखवून. एक स्थळ गेलं. दुसऱ्याने एक्स-रे उजेडावर धरून उलटा केला आणि म्हणाला आता बरोबर दिसतंय. त्याच्याशी केलं.

डावखुरेपणाशी याचा संबंध नाही, आमच्यातले बहुतेक उजव्या हातानेच लिहितात. झोपायची कूस, उपास, व्यायाम यालाही, हृदय-फुफ्फुसं नीट असतील तर, वेगळे नियम नाहीत. नाडी दोन्ही मनगटांत नेहमीसारखीच लागते. घड्याळावरचा ईसीजी काढलात तर तो डावं मनगट आणि उजवं बोट यांच्यात निघतो, म्हणजे आपली ती उलटी येणारी लीड वनच, पट्टी डोक्यावर उभी दिसली तर दचकू नका, स्क्रीनशॉट काढून फाईलमधल्या त्या दोन पट्ट्यांशेजारी ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.